आमच्या गाडीत ऑइल वाढत होतं

काय सांगू तुम्हाला, लोकांच्या गाड्या ऑइल पितात, आमची गाडी ऑइल देत होती, आणि हे मी सोसायटीत तोंड वर करून सांगत होतो. दर रविवारी सकाळी बॉनेट उघडायचं, डिपस्टिक, म्हणजे ती ऑइल मोजायची लांब पट्टी ओढायची, फडक्याने पुसायची, परत घालून परत काढायची आणि उन्हात धरून बघायची, हा माझा नेम. आणि ऑइल दर रविवारी आदल्या रविवारपेक्षा थोडं वरच. आधी वरच्या खुणेला टेकलं, मग खुणेच्या वर गेलं. तळमजल्यावरच्या लेलेकाकांना मी हाक मारून पट्टी दाखवली, म्हटलं काका बघा, ऑइल बदलून नऊ हजार किलोमीटर झाले, थेंबभर कमी नाही, उलट वाढलंय. काका म्हणाले, वा, विहीरच लागली म्हणायची, बाहेर बोर्ड लावा. मला ते कौतुक वाटलं. सगळा जन्म पुण्यात काढूनही टोमणा कुठला आणि कौतुक कुठलं हे मला जिना चढून घरी गेल्यावर कळतं.

घरी सुनंदाला सांगितलं. सुनंदा म्हणजे आमची बायको, पाचवी-सहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. ती म्हणाली, अहो, पण वाढतं ते कुठून वाढतं, कोणी घालतंय का त्यात. मी म्हटलं इंजिन गरम होतं, तेल फुगतं. ती म्हणाली, सकाळी सातला, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत? मी म्हटलं तुला त्यातलं कळत नाही. हे वाक्य लिहून घेऊ नका. बरं, घ्या, आता झालंच आहे.

आम्ही मूळचे हडपसरचे, हडपसर गाव होतं तेव्हाचे. वडील टेंपो चालवायचे, भाजी घेऊन पहाटे मंडईला. त्यांच्या टेंपोला पुस्तक वगैरे नव्हतं. ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळायचे, वास घ्यायचे आणि म्हणायचे बदलायला झालं किंवा नाही झालं. आम्ही शिकलेले, आम्हाला ते अडाणीपणाचं वाटायचं. मी कॉमर्स केलं, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागलो, तिथे बावीस वर्षं नट-बोल्ट मोजून दिले आणि घेतले, लग्न झालं, कोथरूडला आलो, आणि एक दिवस कारखाना पुण्याबाहेर गेला, त्यानं आम्हाला बरोबर नेलं नाही. पन्नाशी जवळ आली होती. मला येतं काय, तर गाडी चालवता येते आणि वेळेवर पोहोचता येतं. म्हणून ही सात सीटची डिझेल गाडी घेतली, पिवळ्या पाटीची. कोथरूडमधून चार जण सकाळी साडेसातला उचलायचे, खराडीला त्यांच्या ऑफिसात सोडायचे, संध्याकाळी परत आणायचे. चौघंही कायमचे, त्यात देशपांडे मॅडम सगळ्यांत जुन्या. त्या चार जणांवर आमचं घर चालतं, हे तुम्हाला आधीच सांगतो, म्हणजे पुढचं लक्षात येईल.

आता माझी गाडी चालवायची पद्धत ऐका. सिग्नल लाल दिसला की मी इंजिन बंद करतो. डिझेल वाचवायचं, हे आमच्याकडे कोणी शिकवावं लागत नाही, उपजतच येतं. कोथरूड ते खराडी मी दहा-बारा वेळा तरी बंद-चालू करायचो, आणि वाटेत मुंढव्याच्या गर्दीत तर गाडी चालू कमी आणि बंद जास्त. अधूनमधून समोर एक पिवळा दिवा लागायचा. थोड्या वेळानं विझायचा. मी म्हणायचो विझला म्हणजे बरा झाला. आपल्या स्वतःच्या दुखण्यांचंही आपण असंच करतो की नाही?

आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं, ऑइल दहा हजार किलोमीटरला बदला. दहा हजार झाले. मी पट्टी बघितली, ऑइल काठोकाठ. म्हटलं भरलेलं भांडं कशाला ओतायचं? बारा हजार करू. बारा झाले, म्हटलं दिवाळीनंतर. चौदा हजारला टेकलो होतो बघा, तेव्हा ते झालं.

सोमवार होता. चौघं गाडीत, मुंढव्याचा पूल ओलांडला आणि इंजिनातून आवाज यायला लागला, डब्यात खडे घालून हलवावेत तसा. लगेच समोर लाल दिवा, ऑइलच्या कॅनचं चित्र असलेला. तो पिवळ्यासारखा विझला नाही. मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. आयुष्यात ज्या एका वेळी इंजिन बंद करणं बरोबर होतं, ती ही वेळ. चौघं उतरले, रिक्षा शोधायला लागले. देशपांडे मॅडम जाता जाता म्हणाल्या, काका, उद्याचं काय ते रात्रीपर्यंत कळवा, नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघायला हवं. ओरडल्या नाहीत, साधंच बोलल्या. तेच जास्त लागलं.

हडपसरला बबनराव मेस्त्री आहेत, आमच्या जुन्या आळीतले, त्यांना फोन केला. त्यांनी गाडी ओढून नेली. मी तिथेही बढाई मारली हो, म्हटलं बबनराव, ऑइलचा प्रश्न नसणार, ऑइल भरपूर आहे. त्यांनी पट्टी ओढली, बोटांवर चोळली, नाकाशी नेली, मग माझ्या नाकाशी आणली. म्हणाले, कशाचा वास येतुय? मी म्हटलं डिझेलचा. म्हणाले, मंग? भरपूर हाय ते डिझेल हाय. खालचा बोल्ट सोडला, तर ऑइल काकवीसारखं पडायला हवं ते नळाच्या पाण्यासारखं सळसळत पडलं. पाच लिटर ऑइल मावणाऱ्या इंजिनातून सहा लिटरच्या वर निघालं.

मग त्यांनी समजावलं, आणि हे नीट लिहून घ्या, कोणाच्या उपयोगी पडेल. नव्या डिझेल गाड्यांना धुराच्या वाटेवर एक जाळी असते, तिच्यात काजळी अडकते. जाळी भरत आली की तो पिवळा दिवा लागतो आणि गाडी जास्तीचं डिझेल सोडून ती काजळी आपली आपण जाळते, पण त्याला वीसेक मिनिटं सलग पळणं लागतं. आम्ही काय करणार, जाळायला सुरुवात झाली की सिग्नल, सिग्नल की इंजिन बंद. मग ते जास्तीचं डिझेल थोडं थोडं खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल वाढतं आणि पातळ होतं, आणि पातळ ऑइल इंजिनाला सांभाळत नाही. मी म्हटलं, पण पुस्तकात दहा हजार लिहिलंय. बबनराव म्हणाले, पुस्तक आना. आणलं. त्यांनी मागचं पान उघडलं, बारीक अक्षरात होतं, कठीण परिस्थितीत चालणाऱ्या गाड्यांनी निम्म्या अंतराला ऑइल बदलावं. मी म्हटलं हे वाचलं होतं मी, मला वाटलं कठीण म्हणजे लडाख वगैरे. ते म्हणाले, लडाखला रस्ता मोकळा आस्तुय साहेब, कठीण म्हंजे मुंढवा.

इंजिन खोलल्याशिवाय सांगता येणार नाही म्हणाले. बेअरिंग गेली असतील तर बेअरिंगवर भागेल, आतला दांडा गेला असेल तर इंजिन गेलं. दोन दिवस लागतील म्हणाले, तसं देशपांडे मॅडमना त्याच रात्री कळवलं. त्या दोन दिवसांत मी घरात काय केलं तर काही नाही, खुर्चीत बसलो. सुनंदाच्या शिकवणीची मुलं पाढे म्हणत होती आणि मला वाटत होतं, आता या वयात कोण मला नट-बोल्ट मोजायला ठेवणार? सुनंदानं एकदाही म्हटलं नाही की मी विचारलं होतं. पाण्याचा तांब्या आणून ठेवायची आणि जायची. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवारी संध्याकाळी बबनरावांचा फोन आला, दांडा वाचला, बेअरिंगवर ओरखडे व्हते, बदलली, गाडी न्या. मी हो म्हणालो आणि फोन ठेवायचा विसरलो. देशपांडे मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, या उद्या साडेसातला, आम्ही दोन दिवस रिक्षानं गेलो, कंबर मोडली. चौघंही आले. ज्यांनी दुसरीकडे विचारलं होतं तेही आले, मी कोणी विचारलं होतं ते विचारलं नाही.

तेव्हापासून पाच हजारला ऑइल, आणि पाच हजार झाले नाहीत तरी सहा महिन्यांनी. पट्टी मी अजूनही दर रविवारी बघतो, पण आता वर चढलं की थेट हडपसर गाठतो. तुमच्या गाडीचं तुमच्या पुस्तकात बघा, फक्त मागच्या पानापर्यंत वाचा. आणि तो पिवळा दिवा दिसला की सिग्नललाही इंजिन चालू ठेवतो, डिझेल जळताना बघून जीव तुटतो, पण ठेवतो.

शिवाय बबनरावांनी सांगितलं, आठवड्यातून एकदा गाडी हायवेला काढायची, अर्धा तास एका वेगात, मध्ये बंद करायची नाही. पहिल्या रविवारी निघालो तर एकटं कुठे जायचं म्हणून सुनंदाला म्हटलं चल. सातारा रस्त्याला लागलो, बोगदा ओलांडला, डोंगर हिरवेगार होते, तिनं काच खाली केली. चहाच्या टपऱ्या येत होत्या, जात होत्या, मी थांबेना. ती म्हणाली, थांबायचं नाही का? मी म्हटलं, काजळी जळतेय.  अर्धा तास झाला, मग मी गाडी एका टपरीशी लावली, दोन चहा घेतले, म्हटलं कसं वाटलं?

ती म्हणाली, अहो, सव्वीस वर्षं मी सांगतेय, रविवारी कुठेतरी बाहेर पडू या. बबनरावांनी एकदा सांगितलं आणि आपण निघालो. त्यांना एकदा जेवायला बोलवा, आणखी दोन-चार गोष्टी मला त्यांच्याकडून तुम्हाला सांगवून घ्यायच्यात.