मावशीच्या रुपयाचा डाग

सराफाची बोली कशी असते, ऐका. कापसाले सोन्याचा भाव आला, तेव्हा मावसाजीनं मावशीले राणीछाप रुपया कडी जोडून गळ्यात घालाले दिला होता. मावसाजी वारल्यावर मावशी तो विकाले अमरावतीले गेली. मी सोबत होतो.

सराफानं रुपया उलटापालटा केला न् म्हणाला, "बाई, याले डाग हाय."

मावशी पेटलीच. "माह्या मालकाच्या रुपयाले डाग? त्यायच्यासारखा सरळ माणूस दाखवा गावात!"

सराफानं हात जोडले. "मालकाले नाही बोललो, बाई. कडी जोडली तिथं डाख बसला, त्याले आमी डाग म्हणतो. अशा रुपयाची पुरी किंमत येत नाही."

मावशी डोळे पुसत हसली. "पुरी किंमत तुमच्यापाशी नसनच, भाऊ. कडी तेवढी घट्ट करून द्या."