नाव द्या, ठिकाण घ्या

आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा! सोपा धडा होता हो... कोडिंगमधली डिक्शनरी! नाव द्या, ठिकाण घ्या. इकडे कळ, तिकडे दिवा! बंगळुरूची नोकरी सोडून मी झाशीला परतले ती कशाला? सीपरी बाजारातल्या माणसांच्या हाती कोडिंग द्यायला! आणि पहिल्या बाकावर कोण? माझी भानुमतीआत्या!

म्हटलं, "घरातलं एकेक नाव भरा, पुढे ते माणूस कुठे सापडतं ते." आत्यानं भरलं. निशांत, दुकान. तारा, शाळा. श्रीकृष्ण... लक्ष्मी ताल.  श्रीकृष्ण म्हणजे आमचे आतोबा. रोज त्या तळ्यावर फिरायला जायचे, मागच्या होळीआधी कायमचेच गेले. आत्या मात्र संध्याकाळी अजून दोन कप चहा ओतते. तिचा निशांत वैतागतो, "आई, अब बस कर ना!"

मग मी शहाणी! म्हटलं, "आत्या, जे नाही ते काढून टाकायचं असतं." तिनं पदर खोचला, नाव पुसलं, प्रोग्राम चालवला... लाल अक्षरं! 'की एरर: श्रीकृष्ण', म्हणजे हे नाव यादीत सापडत नाही! खालची ओळ अजून त्यांचाच पत्ता विचारत होती ना! नेमका पंखाही थांबला. मागच्या बाकावरच्या अनुपला आतोबाच आल्यासारखे वाटले, "दीदी, फूफाजी आ गए क्या?" पुन्हा चालवला. श्रीकृष्ण! बंद करून चालू केला. श्रीकृष्ण! अहो, पुसलेला माणूस पडद्यावर लाल होऊन उभा! नाव द्या, ठिकाण घ्या म्हणे... मला दरदरून घाम, आणि आत्या हलकेच म्हणते, "बघ गं, काढलं तरी विचारणारं कुणी उरतंच. ती ओळपण पुसू?"

मी तिचा हातच धरला! म्हटलं, "नको. 'गेट' ही आज्ञा वापर. नाव सापडलं नाही तर काय उत्तर द्यायचं, ते तू ठरव." आत्यानं एकेक अक्षर शोधत टाइप केलं... 'येतीलच'. चालला की हो! श्रीकृष्ण? येतीलच! अनुपला चेव, "पंखेवाले मिस्त्री जी डालो!" येतीलच! "दामाद जी!" येतीलच! सगळे हसतायत, आत्यासुद्धा, डोळे पुसत.

गंमत म्हणून मी माझं टाकलं. कल्याणी? ...येतीलच.

"अगं आत्या, मी आलेय ना! ही काय समोर उभी!"

आत्या चष्म्यावरून बघते, "तुला भरलंय कुठे अजून? संध्याकाळी ये चहाला, मग बघू."

तर तुम्हाला सांगते, नाव द्या, ठिकाण घ्या... माझं ठिकाण आता आत्याचा ओटा, दुसऱ्या कपापाशी. रोज मुकाट पिते. बिनसाखरेचा! आतोबांना मधुमेह होता ना...