दुसऱ्या मजल्यावरचं खाचर

तुमीच सांगा, डोकं फिरंल का नाय? शहापुरात आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, पण बिल्डिंगखालची जागा एका ट्रस्टची, भाडेपट्ट्यावर घेतलेली. पट्टा संपत आला, म्हणून मुदत वाढवून द्यायचा आमी अर्ज केला. मग ट्रस्टचा कारकून पाहणीला आला. आमच्याच सोफ्यावर बसला, चहा प्यायला आणि जुना अहवाल समोर ठेवून नवा लिहायला लागला. मी वाकून बघतो तर काय! ‘जागेवर भाताचं खाचर. बांधकाम नाही.’

“अहो भाऊसाहेब, मग तुमी आत्ता बसलात कुठं?”

“मागच्या पाहणीत हेच आहे. वेगळं लिहिलं तर ऑफिस मलाच जाब विचारतं.”

“पण बिल्डिंगच नाय म्हटल्यावर आमाला मुदत कोण देणार?”

“ते ऑफिस बघेल. तुम्ही खाली सही करा.”

मी एवढा ओरडलो की खालच्या मजल्यावरचे वर आले. याचं आपलं लिहिणं चालूच! वर रिकामा कप पुढं करून म्हणतो, “वहिनी, अजून अर्धा कप मिळेल?”

बायको जागची हलली नाय. म्हणाली, “भरल्या खाचरात चूल कुठं पेटवू, भाऊसाहेब?”