नागपूरची फुकट रात्र

...नाही, पण फुकट म्हणजे नेमकं काय हो? कुणीतरी मला समजावूनच सांगा! एम.कॉम. आहे मी. आभा होईपर्यंत पुसदच्या कॉलेजात पोरांना कॉस्टिंग शिकवत होते. आणि आमच्या मंदारने क्रेडिट कार्ड काढलं, त्यावर वर्षाला एक रात्र मोठ्या हॉटेलात फुकट. मी विचारलं, फी किती? तर म्हणतो, "पाच हजार. पण खोली नऊ हजारांची आहे, मधू! रात्र फुकट आहे ना!"

आता तुम्हीच सांगा, नऊ हजारांची खोली आम्ही जन्मात घेतली असती का? लग्नानंतर माहूरला गेलो होतो, तिथल्या भक्तनिवासात गिझर निघाला तर आम्हाला श्रीमंत झाल्यासारखं वाटलं होतं! जे आपण विकत घेतलंच नसतं, त्याचे नऊ हजार वाचले कसे? असं मी मंदारला ठणकावून विचारलं... म्हणजे विचारणार होते. तेवढ्यात आभा उठली.

आभा अकरा महिन्यांची आहे, आणि झोपते हो, नाही असं नाही... पण हप्त्याहप्त्याने. अकरा महिन्यांत मी सलग झोपलेले नाही. चहात मीठ घातलंय. टीव्हीचा रिमोट फ्रिजमध्ये ठेवून मंदारवर ओरडलेय. त्यामुळे त्याने मोबाइलवर त्या खोलीचा फोटो दाखवला ना... पांढरी चादर, चार उशा, जाड जाड पडदे... तिथे माझं कॉस्टिंग संपलं. मला नऊ हजारांची खोली नको होती. मला झोप पाहिजे होती. एक. अख्खी.

त्यात ती रात्र महिनाअखेरीला बाद होणार. आणि हॉटेल कुठे? पुसदला नाही, यवतमाळला नाही, थेट नागपूरला! पाच तास गाडी. मी म्हटलं, पेट्रोल? "रात्र फुकट आहे ना!" टोल? "अगं, रात्र फुकट..." बरं! सासूबाई म्हणाल्या, "जा तुम्ही. आहो ना मी पोरीजवळ!" मी आभाचे कपडे, तिचं औषध, औषधाच्या वेळा, सगळं तीनतीनदा सांगितलं. त्यांनी तीन लेकरं वाढवलीत, त्यातलंच एक मी नवरा म्हणून वापरतेय, पण तरी सांगितलं.

अडचण एकच. नागपूरला नलूआत्या राहतात, मंदारची सख्खी आत्या. आणि आमच्याकडे, ज्या गावात सख्खी आत्या आहे त्या गावात हॉटेलात उतरणं म्हणजे आत्या वारली असं जाहीर करण्यासारखं आहे! म्हणून ठरवलं, गुपचूप जायचं, गुपचूप झोपायचं, गुपचूप यायचं.

हॉटेलात शिरलो. समोरच्या मखमली सोफ्यावर, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन... नलूआत्या! सासूबाईंनी काळजीपोटी फोन केला होता ना, "पोरं येऊन राह्यले, लक्ष असू द्या."

"काहून रे मंदार? माह्या घराचं छप्पर उडालं का?" मग माझ्याकडे वळून, "अन् तुले बी सांगावंसं नाही वाटलं वं?"

मी फरशीकडे बघितलं. फरशी फार छान होती. मंदार घाबरून म्हणतो, "आत्या, ते... रात्र फुकट आहे ना!"

"मंग माह्या घरी काय रातीचे पैसे घेतात का रे?"

मंदारने खोलीची किल्ली घेतली.

आत्या खोली बघायला वर आल्या. पडदे चाचपले, गादी दाबली. "नानाजींपाशी शेजारच्या दीपाले बसवून आली. पाच मिनिटं टेकतो अन् निघतो." नानाजी म्हणजे त्यांचे यजमान. लकवा झालाय त्यांना. रात्री पाणी लागतं, कूस बदलून द्यावी लागते, अंगावरचं सरकलं तर हाक मारतात. आत्या टेकल्या. म्हणाल्या, "गादी लय..."

आणि झोपल्या. वाक्य तसंच. एका पायात चप्पल.

मंदारने हळूच हाक मारायला तोंड उघडलं. मी त्याचा दंड धरला. तुम्हाला सांगते, अकरा महिन्यांत मी एकच गोष्ट शिकलेय, झोपलेल्याला उठवायचं नाही. मी ती चप्पल काढली, पांघरूण घातलं, ते जाड पडदे ओढले. रिसेप्शनवर आत्यांचं नाव लिहून दिलं, आणि आम्ही गेलो त्यांच्या घरी, नानाजींपाशी.

मंदार दिवाणावर पडला आणि घोरायला लागला. नानाजींनी हाक मारली, "नलू?"

"मी आहे नानाजी, मधू."

"नलू कुठी गेली?"

"झोपल्यात."

मी त्यांना पाणी पाजलं. मग म्हणाले, "झोपू दे तिले." रात्रभर हेच, हो! पाणी, कूस, "नलू कुठी गेली?" आणि दर वेळी तितक्याच हळू आवाजात... "झोपू दे तिले."

सकाळी पुसदला फोन लावला. सासूबाई खुशीत, "एकदाही उठली नाही माय आभा!" म्हणजे अकरा महिने ती... मी जवळ असते म्हणून उठत होती का? जाऊ दे. आत्याही आल्या, चेहरा असा, जणू माहेरी राहून आल्या. हॉटेलात पोहे खाऊन आल्या होत्या. "पोह्यावर तर्रीच नाही वं!" म्हणाल्या. नाश्ता फुकट रात्रीत बसत नाही, हे आम्हाला बिल आल्यावर कळलं.

आता परवा कार्डाची पुढच्या वर्षाची फी आली. मंदारच म्हणतो, "बंद करून टाकू का? परवडत नाही." मी हिशेब करायला बसले. तेवढ्यात आत्यांचा फोन, लाजत लाजत, "पोरी, ते तुमची फुकटची रात... पुन्हा कधी पडते वं?"

भर म्हटलं फी! आत्या झोपतील, आभा झोपेल, मंदार तर काय, उभ्याने झोपेल. आणि मी? माझं काय... जागायला कुठे पैसे पडतात!