सुनंदा, डिस्चार्ज म्हणजे काय?

पहिले हजेरी लिहून घ्या. कार्तिकातला रविवार, दुपारचे तीन. हजर कोण, तं सांगणारी मी, सुनंदा. खाटेवर पेपर घेऊन बसलेले हे, म्हणजे रेशमाचे बाबा, पेपर वाचून नाही राहिले, कान इकडंच आहे. दारात मोबाईल घेऊन आमची पोट्टी रेशमा. आणि लिहून घेणारे तुम्ही. हजेरीशिवाय मले सुरुवातच करता येत नाही, दवाखान्याची सवय.

माझे बाबा भंडाऱ्याकडचे, रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस, बदली होऊन रायपूरले आले ते इथलेच झाले. घरात मराठी, पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, छत्तीसगढी, शाळेत हिंदी, आणि इंग्रजी शिकवायले एकच गुरुजी, ते एकच गोष्ट घोकून घेत, शब्दापुढं डिस लागलं का अर्थ उलटा, लाईक, डिसलाईक, सांगा सगळे. हे लक्षात ठेवा, हेच पुढं आमच्या मुळावर आलं.

रायपूर राजधानी झालं, नवेनवे दवाखाने उघडले, आणि चौबे कॉलोनीजवळच्या एका दवाखान्यात मी खिडकीवर लागली, भरतीचे आणि सुटीचे कागद करायले. वहीच्या मागच्या पानांवर मी इंग्रजी शब्द लिहायची, समोर अर्थ. त्यातला सगळ्यात गोड शब्द डिस्चार्ज. काय सांगू तुम्हाले, खिडकीतून मी म्हटलं, चलो भैया, डिस्चार्ज हो गया, का रडून रडून सुजलेली माणसं उठायची, थर्मास उचलायची, मले हात जोडायची. हो, नर्स लोक जखमेतून पू आला तरी डिस्चार्जच म्हणायच्या, म्हणजे एका शब्दाचे दोन अर्थ होतात हे मले माहीत होतं. माहीत असून झालं, याचाच तं अजून धक्का बसते.

हे उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात एका रोलिंग मिलमध्ये स्टोअरकीपर होते. एक दिवस स्टोअरमधली तांब्याची केबल गायब झाली, आणि चावी यायच्याजवळ, माझ्या नवऱ्याजवळ, म्हणून पोलीस यायलेच घेऊन गेले. ज्या माणसानं पाऱ्यातल्या चिंचेच्या झाडाची चिंच कधी विचारल्याशिवाय उचलली नाही, त्या माणसाले. जमानत झाली, मिलनं घरी बसवलं, आणि माझ्या वहीत नवे शब्द आले. बेल, रिमांड, समन्स, चार्जशीट. शेजारची दीदी म्हणे, कौन सी शीट, डबल बेड वाली? वकील म्हणाले, सेन्टेन्स सात साल तक का हो सकता है, मी मान हलवली, मले वाटलं वाक्य, सात वर्ष लांब वाक्य कसं असेल. घरी येऊन रेशमाच्या डिक्शनरीत पाहिलं. वहीतलं वाक्य खोडलं, शिक्षा लिहिलं.

मग एक दिवस मिलचा बाबू पत्र घेऊन आला, दोन प्रती, दोन्हीवर सही पाहिजे. हे म्हणाले, तू वाच, तुले समजते. सगळं इंग्रजी, ओळीच्या ओळी, आणि माझं बोट एका शब्दावर जाऊन थांबलं, डिस्चार्ज्ड. मी हिशेब लावला, चार्ज म्हणजे आरोप, डिस लागलं, म्हणजे आरोप उडाला. मी म्हटलं, अहो, सुटले तुम्ही! करा सही! खाली हिंदीत लिहिलं होतं, मान्य है, कोई शिकायत नहीं, मी म्हटलं, शिकायत कशाची, करा. बाबू मले विचारते, मॅडम, समझ गईं न? मी म्हटलं, हव, अच्छे से समझ गई. त्याले बसवून शिरा खाऊ घातला. त्यानं मान खाली घालून खाल्ला, सगळा संपवला, आणि गेला. त्याले माहीत होतं हो, शिरा खाता खाता त्याले सगळं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी हे वर्दी इस्त्री करून, डबा घेऊन, भनपुरीच्या रस्त्यानं सायकलवर मिलमध्ये गेले. गेटवरचा गार्ड म्हणे, भैया, आपका तो नाम कट गया, साइन करके दिए हो. हे परत आले, भरलेला डबा ओट्यावर ठेवला आणि येवढंच विचारलं, सुनंदा, डिस्चार्ज म्हणजे काय?

मी डिक्शनरी काढली. सोडून देणे. नोकरीवरून काढून टाकणे. पू. बंदूक झाडणे. इतकं सगळं एका शब्दात! शाळेत कोणी काहून नाही सांगितलं?

पुढची वर्षं हे भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात माल उतरवायची नोंद ठेवत राहिले, आणि तारखेले आम्ही दोघं कोर्टात. एका तारखेले वकील आतून आले, हसून म्हणाले, डिस्चार्ज हो गए. मी यायचा हातच धरला, खिशाचा पेन काढून घेतला आणि वरांड्यात ओरडली, साइन नहीं करेंगे! कुछ भी हो जाए, साइन नहीं करेंगे! सगळे पाहून राहिले. वकील म्हणे, अरे दीदी, छूट गए, मुकदमा ही नहीं चलेगा. मी म्हटलं, हिंदी में लिखके दो. त्यायनं लिहिलं, उन्मोचित. मी म्हटलं, हे तं इंग्रजीपेक्षाही कठीण आहे, मले समजेल असं लिहा. मग लिहिलं, छूट गए. तेव्हा मी पेन परत दिला आणि तिथंच पायरीवर बसली. आनंद नाही झाला तुम्हाले सांगते. ज्या शब्दानं नोकरी घालवली, तोच शब्द.

आता राहिलं काय ते सांगते. वकील म्हणतात, मिलविरुद्ध लेबर कोर्टात जाता येते, कोर्टाचा कागद आहे, पण मान्य है खाली सही आहे ना, ती कशी झाली ते जिनं वाचून सांगितलं तिनंच लिहून द्यावं लागेल. म्हणजे मले लिहायचं आहे की पत्र मी वाचलं, चुकीचं वाचलं, सही मी करवली. हे म्हणतात, राहू दे, सही माझीच होती. ऐकलं? आत्ताही तेच म्हणून राहिले, पेपराआडून. इतक्या वर्षांत एकदा तरी माझ्यावर ओरडले असते, तं मी कधीचंच लिहून मोकळी झाली असती.

रेशमा म्हणते, मम्मी, बोल दो, मैं टाइप कर देती हूँ. नाही, हातानंच लिहीन. आजच्या कामांच्या माझ्या यादीत सात कामं होती, सहा झाली, खूण केली आहे पाहा. सातवं हे लिहून द्यायचं, त्याचा कागद हा. महोदय लिहिलं आहे, पुढं स्वल्पविराम दिला आहे. त्याच्या पुढचं राहिलं आहे.