राणीसाहेबांची तसबीर

पनवेल एसटी स्टँडवर, रांगेत माझ्या पुढे एक म्हातारी आणि एक तरुणी होती. तरुणी मोबाइलवर फोटो बघत होती.

"राजवाडा बघून आलीस वाटतं, बेटा?"

"हो आजी, कालच. ह्या बघा राणीसाहेब. गाइड म्हणाला, हे चित्र त्यांना समोर बसवून काढलंय."

"समोर बसली ती माझी अम्मी, हलीमा."

"म्हणजे?"

"राणीसाहेब गोषात असायच्या. परक्या मर्दासमोर कशा बसणार? म्हणून त्यांची पैठणी, त्यांचे दागिने घालून दासीला बसवलं."

"पण चेहरा?"

"तोही तिचाच. राणीसाहेबांचा चेहरा बाहेर बघितला होता कोणी?"

"काहीतरीच काय!"

"फोटो मोठा कर. अंगठ्याजवळ डाग दिसतो? चुलीवर भाजल्याचा आहे. राणीसाहेब कधी भाकऱ्या करायला बसल्या होत्या का?"

"अय्या, खरंच की! अहो, मग तिथल्या लोकांना सांगा ना. खालचं नाव बदलतील."

"नको गं. दासी आहे कळलं, तर भिंतीवरून उतरवतील."

"म्हणून काय झालं?"

"घरात तिचा एक फोटो नाही, बेटा. मग ईदला मी अम्मीला भेटायला कुठे जाऊ?"