नानांचं वल्हं

आमचा गिरीश घुम्या आहे म्हणता ना, मग हे ऐका. मासेमारीसाठी त्याने दोन सीटची कयाक मागवली, तेव्हा मी शेजारीच होतो. फोनवर दुकानदाराने विचारलं, "पुढे कोण बसणार? माणूस बघून वल्हं ठरतं."

"वडील. लकव्याने उजवा हात गेलाय."

"मग त्यांना वल्हं नकोच. मागच्याने मारलं तरी चालतं."

गिरीशचा आवाज चढला. "भाऊ, तापीवर होडी चालवण्यात त्यांचा जन्म गेला. पाहुण्यासारखं रिकाम्या हाताने बसवू का त्यांना? एका हाताने धरता येईल असं हलकं, एकाच पात्याचं द्या."

पहिल्या दिवशी त्याचे वडील, नाना, वल्हं मांडीवर आडवं ठेवून पुढे बसले होते. मी काठावर. गिरीश एकटाच मारत होता. खडकाजवळ येताच नानांनी डाव्या हाताने वल्हं पाण्यात खोल रोवलं. कयाक वळून जागीच थांबली.

"आठेच टाक गळ," नानांनी तिथल्याच पाण्याकडे मान केली.

गिरीशने गळ उचललाच नाही. त्याचा हुंदका मला काठावर ऐकू आला.

नानांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "रडस काय रे? मासा थांबस का तुन्हासाठे?"